प्राणी : शून्य

मंगळवार, ११ मार्च
सकाळचे ७ वाजून १० मिनिटं

चि. ठिणगीस,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र काल दुपारी हातात पडलं. पाकिटावर घराच्या नंबरातला एक तू असा काढतेस की तो सात वाटतो. पोस्टमन ओळखीचा आहे म्हणून आलं, नाहीतर सहा घरं पुढे गेलं असतं. फोनवर आपण दोघं तीन मिनिटांच्या वर टिकत नाही हे तुझं म्हणणं मला मान्य आहे. पत्रच बरं. पत्रात समोरच्याला मधेच तोडता येत नाही.

इकडे ठीक. तुझी आई अजून मावशीकडे आहे. मावशीचा गुडघा ऑपरेशननंतरही वाकायला तयार नाही, आणि मावशी स्वतः तर कधीच वाकली नाही, त्यामुळे तिकडे जुंपली असणार. शुक्रवारी येते म्हणाली. दुकानात काम बरं आहे. बेकरीवाल्याचा मोठा वजनकाटा पुन्हा दुरुस्तीला आला. तो त्यावर तापलेले ट्रे ठेवतो आणि काटा सरकतो म्हणून माझ्यावरच ओरडतो. मी म्हटलं, "काटा जागच्या जागी आहे, तुमची अक्कल सरकलीये." हसला. जुनं गिऱ्हाईक आहे, चालतं.

आता माझ्या वाढदिवसाला तू दिलेल्या भेटीबद्दल. कॅम्पवर दोन दिवस कसे गेले ते सविस्तर कळवा, असं तू लिहिलं आहेस. सविस्तर कळवतो. तू पैसे भरलेस, तेव्हा तुला खरं कळलं पाहिजे.

शनिवारी ११ वाजून २० मिनिटांनी मी आणि पोत्या गेटवर पोचलो. ऑफिस म्हणजे एक पत्र्याची खोली. काउंटरवर तरुण बाई, डोळ्यांत झोप. तिने एक फोल्डर पुढे केलं. आत नियमांचा कागद, नकाशा, जेवणाच्या वेळा, आणि एक पिवळा कागद. मी वरपासून वाचायला घेतलं. मी सही करण्याआधी सगळं वाचतो हे तुला माहीत आहे. तेवढ्यात ती काउंटरवरून वाकली, पोत्याकडे बघितलं आणि म्हणाली, "याला काट्यावर घ्या."

कोपऱ्यात काटा होता, सपाट, प्राण्यांचा. प्राण्याची फी वजनावर. पंधरा किलोपर्यंत एक दर, त्यापुढे दुप्पट. तुझ्या पत्रात 'थोडी फी असेल' एवढंच होतं. असो. पोत्या चढला आणि नेहमीसारखा पोत्यासारखा बसला. आकडा आला १५.२.

मी म्हटलं, "तुमचा काटा अर्धा किलो पुढे आहे."

"काका, नवीन आहे काटा."

"नवीन काटाच जास्त खोटं बोलतो. तीस वर्षं हेच करतोय मी. या कुत्र्याचं वजन चौदा किलो सातशे."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणतो."

"मग तुमच्या काट्यावरच मुक्काम करायचा होता," ती तोंडातल्या तोंडात म्हणाली. मला ऐकू गेलं.

ठिणगे, प्रश्न पैशाचा नव्हता. चौदा सातशे हा आकडा तुझ्यादेखत काढलेला आहे. तू पोत्याला माझ्याकडे सोडून निघालीस त्या दिवशी, अठरा जानेवारीला, माझ्या दुकानातल्या काट्यावर. मी कुठल्या कॉलेजात शिकलो नाही. चौदाव्या वर्षी एक बंद पडलेला काटा उघडला, तो मिटेपर्यंत शिकत राहिलो. माझ्या काट्यावरचा आकडा मला दुसरं कुणी शिकवू नये. माझी पाच किलोची प्रमाण वजनं बरोबर असती तर तिच्या तोंडावर सिद्ध करून दाखवलं असतं. पण 'बाबा, सुट्टीत हत्यारं न्यायची नाहीत' असं तूच बजावलं होतंस.

मी म्हटलं, ठीक आहे, कुत्रा राहणार नाही. जवळच ओळखीचं घर आहे, तिथे सोडून येतो. तिने फॉर्म दिला. रकाने तीन. माणसं, मुलं, प्राणी. मी लिहिलं : एक, शून्य, शून्य. तिने फॉर्म पाहिला, फोल्डर परत ओढून घेतलं, त्यातून तो पिवळा कागद काढला आणि बाकीचं माझ्याकडे सरकवलं. मला वाटलं, फीची पावती असेल. तेव्हा तसंच वाटलं.

ओळखीचं घर तिथे कुठून असणार? गेटबाहेर पडलो, गाडी वळणावर लावली, कुंपणाला वळसा घातला. मागच्या बाजूला तार ढिली होती. पोत्याला चादरीत गुंडाळून त्याचं गाठोडं केलं आणि पाठीवर घेऊन सात नंबरच्या केबिनमध्ये आणलं. त्याने हूं की चूं केलं नाही. तुझ्या कुत्र्याला चोरीचं चांगलं अंग होतं.

केबिन अगदीच सुमार. जमिनीला उतार इतका, की टेबलावर पेलाभर पाणी ठेवलं तर एका बाजूला बोटभर जास्त दिसतं. दाराखाली दोन बोटं फट. खिडकीची कडी उलटी लावलेली. गरम पाणी साडेसात मिनिटांत संपतं. ज्याने हे बांधलं त्याला गुण्या लावून काटकोन धरता येत नाही, ओळंबा तर दूरची गोष्ट. तक्रारवहीत सोळा मुद्दे लिहून आलो.

आणखी एक. तिथे पाखरं नाहीत. एवढी झाडं, बाजूला ओढा, आणि दिवसभरात एक चिमणी नाही. मांजर नाही, भटकं कुत्रं नाही. ओढ्याच्या काठाने झुडपांवर लाल फिती बांधल्या होत्या, दर दहा-बारा पावलांवर एक. मी अकरा मोजल्या. म्हटलं, कुणाच्या तरी लग्नाची सजावट राहिली असेल. वॉचमनच्या खोलीत चावी घ्यायला गेलो, तर खिळ्याला कुत्र्याचे दोन पट्टे टांगलेले. विचारलं कुणाचे, तर म्हणाला, "राहून गेले, काका." पट्टा कसा राहून जातो? मग त्याने मला विचारलं, "तुमच्याबरोबर प्राणी नाही ना?" म्हटलं, नाही. संध्याकाळी पुन्हा वाटेत भेटला. पुन्हा तेच. "नक्की सोडलात ना बाहेर?" काउंटरवालीने त्याला फी वसूल करायला मागे लावलाय, हे माझ्या लगेच लक्षात आलं.

रविवारचं नंतर लिहितो. दुकान उघडायची वेळ झाली.

तू पाच प्रश्न विचारलेस. पोत्या वेळेवर खातो का, माझ्यावर भुंकतो का, मी त्याच्यावर ओरडतो का, झोपतो कुठे, यांची उत्तरं अशी : खात असे, नाही, नाही, माझ्या खाटेखाली. पाचवा, म्हणजे त्याचा एक फोटो पाठवा. त्याचं पुढच्या पत्रात बघू.

तब्येत सांभाळ. प्रशिक्षणात पहिली ये.

तुझे बाबा

•

बुधवार, १९ मार्च
दुपारी २ वाजून ४० मिनिटं

चि. ठिणगी,

आशीर्वाद. तुझं पत्र आलं. एकाच ओळीचं. "बाबा, 'खात असे' म्हणजे काय?"

पोत्या गेला.

हे वाक्य मी चार कागदांवर लिहून पाहिलं. आधी हवापाणी, मग ते. आधी मावशीचा गुडघा, मग ते. कुठेही ठेवलं तरी बसेना. म्हणून पहिलंच लिहिलं.

तुझी आई शुक्रवारी आली. बॅग खाली ठेवायच्या आधी म्हणाली, "पोत्या कुठाय? दारात आला नाही." मी सांगितलं. ती पायरीवरच बसली. मग दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी भांडी घासता घासता म्हणाली, "पोरीला कधी सांगणार?" म्हटलं, लिहितो. "अहो, लिहितो लिहितो नका करू. बुधवारपर्यंत पाकीट टाकलं नाहीत तर मी फोन करणार. आणि मला रडण्याशिवाय काही सांगता येणार नाही, मग तिला काय कळायचं ते कळेल." तर आज बुधवार आहे.

काय झालं ते क्रमाने लिहितो.

रविवारी दुपारी जेवण झाल्यावर मला डोळा लागला. खिडकीच्या त्या उलट्या कडीचं मी तुला लिहिलंच आहे. वाऱ्याने खिडकी उघडली असणार आणि पोत्या बाहेर गेला. चार वाजून पाच मिनिटांनी मी जागा झालो तेव्हा तो ओढ्याकडून परत येत होता, जीभ चाटत. आत घेतलं. पुढे चार वाजून चाळीस मिनिटांनी त्याचे पाय ताठ व्हायला लागले. मान मागे ओढली जात होती. मी बाहेर धावलो, वॉचमनला हाक मारली. चार-पन्नासला. म्हणजे दहा मिनिटांत. वॉचमनने डॉक्टरला फोन लावला. जनावरांचा डॉक्टर तिथून पस्तीस मिनिटांच्या वाटेवर. त्याने फोनवर सांगितलं, ओकारी काढा आणि घेऊन या. वॉचमनकडे त्यासाठीची बाटली होती. दोघांनी मिळून पाजली. मग माझ्या गाडीतून निघालो. पोचलो तेव्हा श्वास चालू होता. दहा मिनिटं चालला.

ओढ्याकाठी घुशींसाठी विष होतं. नळीच्या तुकड्यांत पिठाच्या गोळ्या, जिथे जिथे लाल फीत तिथे तिथे. केबिनच्या वायरी घुशी कुरतडतात म्हणून दर महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात टाकतात. आणि हे कुठे लिहिलंय? त्या पिवळ्या कागदावर! वॉचमनने मला तो नंतर दाखवला. 'लाल फीत असेल तिथे लहान मुलांना व प्राण्यांना नेऊ नये. प्राणी कायम साखळीला ठेवावा.' ज्याच्या फॉर्मवर मूल किंवा प्राणी, त्यालाच तो कागद. माझ्या फॉर्मवर शून्य, म्हणून बाईने काढून घेतला.

मी शून्य लिहिलं हे खरं. ती माझी चूक, आणि ती मी कुणाच्या तोंडून ऐकून घेणार नाही, मीच सांगतो. पण विष काय फॉर्म वाचून पोटात जातं? सगळ्यांना दिसेल असा एक बोर्ड लावायला काय झालं होतं? मी मालकाला तसं पत्र टाकलं आहे, वेळांसकट. त्याचं उत्तर आलं, की वॉचमनच्या म्हणण्याप्रमाणे तो चार-वीसलाच माझ्या दारावर येऊन विचारून गेला होता. मला तसं काही आठवत नाही.

पोत्याला डॉक्टरच्या आवारामागे एका मोठ्या झाडाखाली ठेवलं. खड्डा मीच खणला. तीन फूट. पट्टा माझ्याजवळ आहे. मी तो राहू दिला नाही.

तू बारा एप्रिलला येणार तेव्हा तो दारात असणार होता, म्हणून तू दिवस मोजत होतीस, हे मला माहीत आहे. याच्यावर मला पुढे लिहिता येत नाही.

फ्रिजवरचा तुझा कागद, 'पोत्या : वापरण्याची पद्धत', तुझी आई काढायला गेली. मी काढू दिला नाही.

तुझे बाबा

•

सोमवार, ३१ मार्च
सकाळचे ६ वाजून ५ मिनिटं

ठिणगी,

तुझं जाड पाकीट शनिवारी आलं. मी वाचत होतो तेव्हा तुझी आई समोर उभी होती. म्हणाली, "काय लिहिलंय?" मी म्हटलं, तक्रार. "कुणाबद्दल?" मी पाकीट उचललं. दुकानात गेलो, शटर अर्धं ओढलं आणि पुन्हा वाचलं.

कॅम्पच्या मालकाला तू पाठवलेल्या पत्राची नक्कल. दोन पानं, नऊ मुद्दे, प्रत्येकाला पुरावा. एकही शब्द जास्तीचा नाही. मी माझ्या आयुष्यात इतकं चोख पत्र लिहिलेलं नाही. हे तुला कुणी शिकवलं ते मला माहीत आहे, म्हणूनच मुद्दा सहा मला तीनदा वाचावा लागला. तो इथे उतरवून काढतो :

'वॉचमन सांगतो की त्याने चार वाजून वीस मिनिटांनी दारावर येऊन विचारलं. तो खोटं बोलत आहे. माझे वडील वजनकाटे दुरुस्त करतात. मी त्यांना लहानपणापासून ओळखते. ते मिनिटाची आणि ग्रॅमची चूक करत नाहीत. त्यांनी चार-चाळीस म्हटलं असेल तर ते चार-चाळीसच आहे.'

त्याखाली मालकाचं उत्तर जोडलेलं. तुमच्या वडिलांच्या आणि तुमच्या पत्रांवरून वॉचमनचा हलगर्जीपणा आणि खोटेपणा दिसून येतो. त्याला कामावरून कमी करण्यात येत असून पाच तारखेपर्यंत खोली रिकामी करण्यास सांगितलं आहे. आपल्या दुःखात सहभागी आहोत.

आज एकतीस आहे. त्याच्याकडे पाच दिवस आहेत.

मुद्दा सहा चुकीचा आहे. तुझी त्यात काही चूक नाही, तुला आकडाच खोटा दिला गेला.

आता जे लिहितो ते मी या तीन आठवड्यांत स्वतःलाही सरळ सांगितलेलं नाही.

पोत्याचे पाय चार-पंधराला ताठ व्हायला लागले. चार-चाळीसला नाही. मी घड्याळ पाहिलं होतं, मी नेहमीच पाहतो. चार-पंधरा. तो माझ्या खाटेजवळ आला, खाटेखाली जायला लागला आणि मागचे पाय आत येईनात. मला वाटलं, उन्हातून आलाय. मला वाटलं, सकाळी बिस्किटं जास्त दिली ती बाधली असतील.

चार-वीसला दार वाजलं.

मी दार वीतभर उघडलं आणि खांद्याने धरून उभा राहिलो. वॉचमन होता. धापा टाकत होता. म्हणाला, "काका, ओढ्याजवळ कुत्रं दिसलं म्हणतात. करड्या रंगाचं. तुमचं तर नाही?"

मी म्हटलं, "माझ्याकडे प्राणी नाही. कालच सांगितलं."

पोत्या माझ्या मागे होता, जमिनीवर. त्याची नखं फळ्यांवर वाजत होती. खर्र, खर्र. थांबून पुन्हा खर्र. दाराखाली दोन बोटं फट आहे, हे मी तुला पहिल्याच पत्रात लिहिलं होतं. केबिनचा दोष म्हणून लिहिलं होतं. वॉचमनने त्या फटीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग अगदी हळू आवाजात, जसं आपल्या घरच्या माणसाशी बोलावं तसं म्हणाला, "काका, फी गेली खड्ड्यात. मी कुठे लिहीत नाही, कुणाला सांगत नाही. माझी नोकरी गेली तरी चालेल. असलं तर आत्ताच सांगा."

त्याला ऐकू आलं होतं, ठिणगे. मला ठाऊक होतं की त्याला ऐकू आलंय. आणि त्याला ठाऊक होतं की मला ठाऊक आहे.

मी म्हटलं, "एकदा सांगितलेलं कळत नाही का तुला?" आणि दार लावलं.

त्याने विष हा शब्द काढला नाही. काढला असता तर मी उघडलं असतं, असं मी तीन आठवडे स्वतःला सांगतोय. पण तो इतका वेळ तिथे उभा का राहिला होता, हे कळायला माझ्यासारख्या माणसाला शब्द कशाला लागावा? काटा जरा जरी हलला तरी मला दुकानाच्या दुसऱ्या टोकाहून कळतं. माझ्या डोक्यात एकच होतं. आता कबूल केलं, तर काउंटरवरची ती बाई जिंकली. पंधरा दोनशे म्हणणारी.

मग तीस मिनिटं मी त्याच्याजवळ बसलो. ओला टॉवेल ठेवला. पाणी पाजायचा प्रयत्न केला. बोललोही त्याच्याशी. त्याने प्रत्येक वेळी डोळे वर करून पाहिलं, मी काहीतरी करणार आहे अशा नजरेने. चार-पन्नासला त्याला पहिला मोठा झटका आला आणि मग मी बाहेर धावलो.

वॉचमन लांब गेलाच नव्हता. पायवाटेच्या वळणावर बसला होता, फोन हातात धरून.

हे झालं एक. यापुढचं मी तुझ्या आईलाही अजून सांगितलेलं नाही.

डॉक्टरने फोनवर दोन प्रश्न विचारले. पहिला, वजन किती. मी ताबडतोब म्हटलं, चौदा किलो सातशे. दुसरा, पहिली लक्षणं दिसून किती वेळ झाला. डॉक्टर म्हणाला, "नीट आठवून सांगा. दहा-पंधरा मिनिटांच्या आत असेल तर ओकारी काढायची. त्याच्या वर गेलं असेल तर तोंडात थेंबही घालू नका, तसंच गुंडाळा आणि निघा." फोन वॉचमनच्या हातात होता, स्पीकरवर. वॉचमन माझ्याकडे बघत होता. पस्तीस म्हणालो असतो, तर मघाशी मी दार लावलं तेव्हा कुत्रा आत तडफडत होता, हे त्याच्यासमोर माझ्या तोंडून निघालं असतं.

मी म्हटलं, "दहा."

वॉचमनने तोंड उघडलं. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने मिटलं. का मिटलं, हे मला अजून कळत नाही. माझं वय बघून असेल. किंवा समोरचा माणूस स्वतःच्या कुत्र्याबद्दल असं खोटं बोलेल यावर त्याचा विश्वास बसला नसेल.

आम्ही ती बाटली पाजली. मी जबडा धरला, त्याने ओतलं. पोत्याला गिळता येत नव्हतं. ते चुकीच्या वाटेने गेलं. मला हाताला कळलं. वरून वीस मिनिटं त्यात गेली. डॉक्टरने टेबलावर त्याला पाहिलं, छातीला नळी लावली आणि म्हणाला, "हे दहा मिनिटांचं नाही." कुणालाच उद्देशून नाही. मी भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत होतो.

ते विष होतं, विष त्यांनी टाकलं, बोर्ड त्यांनी लावला नाही, हे सगळं खरंच आहे. त्या मुद्द्यांवरून मी मागे हटत नाही आणि तूही हटू नकोस. डॉक्टर म्हणाला, वेळेत आलेली निम्मी वाचतात. पोत्या त्या निम्म्यात होता की नाही, ते आता कळायला वाट नाही, कारण वेळ मी मारली. दुकानदार दांडी मारून वजनात खोट करतो तेव्हा मी त्याचं गिऱ्हाइकासमोर नाव घेऊन सांगतो, हे तू पाहिलं आहेस. तू सहा वर्षांची होतीस आणि एकदा काउंटरवर बसून टाळ्या वाजवल्या होत्यास.

काय करणार आहे ते सांगतो. मालकाला पत्र लिहिलं आहे, नक्कल सोबत जोडली आहे. चार-पंधरा, चार-वीस, चार-पन्नास, तिन्ही वेळा त्यात आहेत आणि 'दहा' हा आकडाही. पण पत्राला उत्तर यायला पाच दिवस पुरायचे नाहीत, म्हणून उद्या सकाळी मी स्वतः जातो. ऑफिसात, त्या बाईच्या काउंटरवर, मालकासमोर आणि वॉचमनसमोर सांगणार. तुझी आई बरोबर येते म्हणाली. मी नको म्हटलं नाही. वाटेत गाडीत तिला बाकीचं सांगेन. त्याची नोकरी त्याला परत मिळेल की नाही हे मला माहीत नाही. खोटं बोलायला एक शब्द पुरला होता. तो पुसायला किती लागतील, याचा मला अंदाज नाही.

माफी मागत नाही. तू देशील या भीतीने मागत नाही.

आता शेवटचं, आणि ते तुला सांगितलंच पाहिजे. डॉक्टरच्या खोलीत काटा होता. पोत्याला त्यावर ठेवलं तेव्हा आकडा आला १५.२. मी काट्याजवळ वाकलो. रिकामा करून पाहिला, शून्य बरोबर होतं. बाजूच्या कपाटावर त्यांचं दोन किलोचं प्रमाण वजन होतं, ते ठेवून पाहिलं. दोन किलो, वर नाही, खाली नाही. त्या अवस्थेतही मी ते केलं. डॉक्टर बघत राहिला.

म्हणजे त्या बाईचा काटाही बरोबर होता. चौदा सातशे हे अठरा जानेवारीचं वजन होतं. सात आठवडे मी त्याला पुन्हा तोललंच नाही. माझ्या काट्यावर एकदा झालेलं वजन बदलतं, हे माझ्या डोक्यात आलं नाही. तुझ्या कागदावरचा नियम चार : 'ताटातलं द्यायचं नाही. बाबा, हे तुम्हालाच आहे.' मी रोज देत होतो, ठिणगे. दोन्ही वेळेला. तो खाटेखालून तोंड बाहेर काढायचा आणि मी इकडेतिकडे बघून हात खाली न्यायचो. घरात दुसरं कुणी नसायचं, तरी इकडेतिकडे बघायचो.

तू बारा तारखेला येशील. मी स्टेशनवर उभा असेन, गाडीच्या वेळेच्या वीस मिनिटं आधी, मोठ्या घड्याळाखाली. दुसऱ्या दाराने निघून गेलीस तर मी समजेन. घरी यायचं की मावशीकडे उतरायचं ते तू ठरव. आईला दोन्ही चालेल असं ती म्हणते.

तुझ्या कागदावर खाली वजनाची ओळ आहे, तुझ्या अक्षरात. त्याखाली मी काल एक ओळ लिहिली. आल्यावर दिसेल, पण आधी कळवतो : ९ मार्च, १५.२, काटा बरोबर. जास्तीचा अर्धा किलो माझ्या हातचा.

खाली सहीत नेहमीचा पहिला शब्द गाळला आहे. चुकून राहिला असं समजू नकोस.

बाबा